साथीचा हिशेब बाईच्या बाजूने मांडू या

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी जाहीर केलं. त्यानंतर कुठल्या देशाने साथ कशी हाताळली याचे तक्ते छापले गेले, परिसंवाद झाले. या तक्त्यांत बहुतेक दोनच रकाने असतात. एक, दर लाखामागे किती माणसं मेली. दोन, देशाचं उत्पन्न किती घटलं. या दोन आकड्यांवर देशांना पहिला-दुसरा नंबर दिला जातो.

यातला पहिला आकडाही भरवशाचा नाही. आपल्या देशाचंच बघा. 2021 अखेरपर्यंत सरकारी नोंदीत करोनाचे मृत्यू होते सुमारे 4 लाख 80 हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये अंदाज दिला की 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे 47 लाख मृत्यू जास्त झाले. सरकारने तो अंदाज फेटाळला. वाद चालू राहील. पण दवाखान्यापर्यंत न पोचता घरीच गेलेली म्हातारी कुठल्या नोंदीत बसली असेल, याचा विचार आपण करू शकतो.

या सगळ्या चर्चेत बाई अजिबात नव्हती असं मात्र नाही. न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न, जर्मनीच्या अँगेला मर्केल, तैवानच्या त्साई इंग-वेन यांचं जगभर कौतुक झालं. बायका राज्य करतात तिथे माणसं कमी मरतात, असं म्हटलं गेलं. ऐकायला बरं वाटतं. पण 2020 मध्ये बेल्जियमच्या पंतप्रधानही बाईच होत्या, सोफी विल्मेस. त्या वर्षी लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या देशांत बेल्जियम होता. बांगलादेशात शेख हसीना होत्या, म्हणून ढाक्याच्या कारखान्यांत कपडे शिवणाऱ्या मुलींची मजुरी बुडायची थांबली नाही. खुर्चीवर कोण बसलंय याला महत्त्व आहेच. पण तेवढ्यावर समाधान मानलं तर खुर्चीखालची व्यवस्था कुणासाठी चालते हा प्रश्न राहून जातो.

मग आपण तुलना कशाने करायची? देवरीत राहून मला चार प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न : सगळं बंद करण्याआधी लोकांना किती वेळ दिला?

देवरी मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. इथून थोडं पुढे गेलं की छत्तीसगडची हद्द लागते. एप्रिल-मे 2020 मध्ये छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे निघालेली माणसं याच रस्त्याने गेली. पायी, सायकलने, मिळेल त्या ट्रकवर. त्यांत लेकरं कडेवर घेतलेल्या बायका होत्या, गरोदर बायका होत्या. पाळी आली तर रस्त्यावर काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच आदेशात नव्हतं. आपल्या पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बायाही अशाच अडकल्या आणि जंगलवाटांनी घराकडे निघाल्या.

24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि रात्री बारापासून देश बंद. चार तास. मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या 1 मे रोजी. आपल्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, 23 मार्चला, दक्षिण आफ्रिकेनेही टाळेबंदी जाहीर केली होती, पण ती 26 च्या मध्यरात्रीपासून. लोकांना तीन दिवस मिळाले. न्यूझीलंडने त्याच दिवशी जाहीर करून पूर्ण बंदीसाठी दोन दिवस दिले आणि पगारासाठीची मदत तर आधीच सुरू केली होती. पोर्तुगालने मार्चअखेर ठरवलं की ज्या परदेशी स्थलांतरितांचे राहण्याच्या परवान्याचे अर्ज पडून आहेत, त्यांना 30 जूनपर्यंत कायदेशीर रहिवासी मानायचं, म्हणजे दवाखाना आणि मदत अडणार नाही. आपल्याकडे स्वतःच्याच देशातला मजूर राज्याच्या सीमेवर परका ठरला.

दुसरा प्रश्न : पैसा कुणाच्या हातात आणि किती आला?

आपल्याकडे बायकांच्या जनधन खात्यावर एप्रिल ते जून 2020 असे तीन महिने दरमहा 500 रुपये आले. बाईच्या खात्यावर आले, हे चांगलंच झालं. पण 500 रुपयांत महिना कसा काढायचा? आमच्या भागात मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलाचा हंगाम आणि मे म्हणजे तेंदूपत्त्याचा. वर्षाची मीठ-मिरची यातून निघते. त्याच दिवसांत आठवडी बाजार बंद. ज्यांचं जनधन खातंच नव्हतं, त्या बायका तर हिशेबातच नव्हत्या.

ब्राझीलने काय केलं पाहा. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी साथीला किरकोळ सर्दी-ताप म्हणून उडवून लावलं आणि त्या देशात सहा लाखांवर माणसं गेली. पण तिथल्या संसदेने सरकारने सुचवलेली 200 रियालची मदत 600 वर नेली आणि एकटीने घर चालवणाऱ्या आईला दुप्पट, 1,200 रियाल, देण्याचं कायद्यात घातलं. मृत्यूच्या तक्त्यात ब्राझील नापास आहे. एकल बाईच्या रकान्यात मात्र आपण त्यांच्याकडून शिकायला हवं. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला टोगो देश आपल्याहून गरीब आहे. त्यानेही मोबाइलवरून मदत पाठवताना बाईला पुरुषापेक्षा थोडी जास्त रक्कम दिली, कारण चूल तिच्या अंगावर असते. तेव्हा ‘श्रीमंत देशांना परवडतं हो’ असं कुणी म्हणालं तर टोगोचं नाव घ्या.

तिसरा प्रश्न : घरातच मार बसत असेल तर बाईने जायचं कुठे?

‘घरी राहा, सुरक्षित राहा’ ही सूचना सगळ्या जगाला दिली गेली. घर सुरक्षित असतं हे गृहीत कुणाचं? आपण चळवळीत इतकी वर्षं नेमकं याविषयी बोलत आलो. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने एप्रिल 2020 मध्येच बायकांवरच्या हिंसाचाराला ‘सावलीतली महामारी’ म्हटलं. आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाकडे 2020 या वर्षात 23,700 हून अधिक तक्रारी आल्या. त्यांतल्या पाच हजारांवर घरगुती हिंसाचाराच्या होत्या. आयोगाने 10 एप्रिलला व्हॉट्सॲप नंबर सुरू केला. पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर? ज्यांना नंबर लावता आला नाही, त्या या आकड्यात नाहीत.

स्पेनमध्ये कॅनरी बेटांवर एक साधी युक्ती निघाली. बाईने औषधाच्या दुकानात जाऊन ‘मास्क 19’ मागायचा. दुकानदार समजून घेई आणि पोलिसांना कळवी. ही कल्पना पुढे इतर देशांतही गेली. स्पेन सरकारने मार्च 2020 अखेर हिंसापीडित बायकांसाठीच्या सेवा अत्यावश्यक ठरवल्या, म्हणजे निवारागृह आणि हेल्पलाइन बंद ठेवता येणार नाही. फ्रान्सने अशा बायकांसाठी हॉटेलांतल्या खोल्या घेतल्या. आपल्याकडे औषधाचं दुकान उघडं होतं, रेशनचं दुकान उघडं होतं, आशाताई दारोदार जात होती. यंत्रणा होती. तिला हे काम सांगावं असं कुणाला सुचलं नाही.

गर्भपाताचंही तसंच. इंग्लंडने 30 मार्च 2020 पासून सुरुवातीच्या आठवड्यांत घरीच गोळ्या घेण्याची सोय केली आणि 2022 मध्ये ती कायम केली. आपल्या सरकारनेही गर्भपात अत्यावश्यक सेवेत धरला होता. पण एस.टी. बंद असताना खेड्यातल्या बाईने तालुक्याला यायचं कसं?

दारूचंही बोलायला हवं. दक्षिण आफ्रिकेने टाळेबंदीत दारूविक्री बंद केली. हेतू बायकांना वाचवण्याचा नव्हता, दवाखान्यातल्या खाटा मोकळ्या ठेवण्याचा होता. मारामारी आणि अपघातांचे जखमी खरोखर कमी झाले. चोरटी दारूही वाढली, हेही खरं. आपल्याकडे 4 मे 2020 पासून दुकानं उघडली, तेव्हा महसुलाचं कारण पुढे होतं. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायकांनी लढून 2015 मध्ये मिळवलेली बंदी मे 2021 मध्ये, साथीची दुसरी लाट चालू असतानाच, उठवण्याचा निर्णय झाला. तिजोरी रिकामी झाली की पहिली आठवण कशाची होते ते यातून कळतं.

चौथा प्रश्न : साथीचं काम कुणी केलं आणि त्याचं मोल काय दिलं?

घरोघर जाऊन ताप तपासणं, बाहेरून आलेल्यांची नावं लिहिणं, शाळेत विलगीकरणात ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणं हे सगळं आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी केलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीमही त्यांच्याच पायांवर चालली. या जादा कामाचे केंद्राकडून महिन्याला 1,000 रुपये. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये करोना भत्ता मिळाला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढे पुन्हा संप करून 2024 मध्ये त्यांनी 5,000 रुपयांची वाढ पदरात पाडून घेतली. पण कागदावर त्या ‘स्वयंसेविका’च राहिल्या.

थायलंडमध्ये चीनबाहेरचा पहिला रुग्ण सापडला. तरी 2020 अखेर तिथले मृत्यू शंभराच्या आत होते. त्यात गावोगावच्या दहा लाखांवर आरोग्य स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता, आणि त्यात बहुसंख्य बायका. त्यांचाही भत्ता तुटपुंजाच. म्हणजे तक्त्यात वर असलेला देशही बायकांच्या स्वस्त श्रमावर उभा होता. याउलट पाकिस्तान पाहा. तिथे सुमारे एक लाख ‘लेडी हेल्थ वर्कर’ आहेत. त्यांनी रस्त्यावर उतरून, कोर्टात लढून सेवेत कायम होण्याचा हक्क मिळवला. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2012 चा, साथीच्या कितीतरी आधीचा. शेजारच्या, आपल्यासारख्याच गरीब देशात हे होतं, तर इथे का नाही?

मैत्रिणींनो, या चार प्रश्नांवर कुठलाच देश पूर्ण पास होत नाही. एकाचं हे बरं, दुसऱ्याचं ते. पण एक धागा दिसतो. जिथे बायकांच्या संघटना, संसदेतल्या प्रतिनिधी किंवा कामगार बायका आधीपासून जागत्या होत्या, तिथेच काही मिळालं. साथ आल्यावर कुणी नव्याने दयाळू झालं नाही.

आपल्याकडे 2020 मध्ये वापरलेला साथरोग कायदा फेब्रुवारी 1897 चा, प्लेगच्या वेळचा, इंग्रजांनी केलेला. त्यानंतर महिनाभराने, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. हा कायदा सरकारला बंदी घालण्याचे, घरात शिरण्याचे, शिक्षा करण्याचे अधिकार देतो. लोकांना अन्न, निवारा, सूचना मिळण्याचा हक्क देत नाही. 2020 मध्ये दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध. ती गरजेची होती. पण हल्ला झाल्यावर ‘आरोग्य कर्मचारी’ असलेली आशा पगाराच्या वेळी ‘स्वयंसेविका’ कशी होते?

पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. तयारीची चर्चा आत्ता, बरी वेळ असतानाच व्हायला हवी. आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बंदी घालण्याआधी किमान तीन दिवसांची सूचना आणि घरी पोचायला वाहन. एकल बाईला दुप्पट मदत, खातं असो वा नसो. निवारागृह, हेल्पलाइन, बाळंतपण आणि गर्भपाताची सेवा अत्यावश्यक, वाहनासकट. औषध आणि रेशनच्या दुकानात मदत मागण्याची खूण. आशा, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका-मदतनीस यांना सेवेत कायम करणं. महामार्गावरच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी बायकांसाठी मुक्कामाची आणि संडास-न्हाणीची सोय.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. ती बहुतेक ठिकाणी वहीतल्या सह्यांपुरती होते. येत्या सभेत हे चार प्रश्न मांडा. आपल्या गावात 2020 मध्ये कोण पोचली, कोण पोचली नाही, कुणाचा मार वाढला, कुणाचं कुंकू पुसलं गेलं आणि तिच्या नावावर काय आलं, ते लिहून काढा. मग ठराव करा आणि तो तहसीलदारांकडे द्या. जगाच्या तक्त्यात हा रकाना नाही. तो गावोगावच्या वह्यांतून आपल्यालाच भरावा लागेल.