नव्या नळीचे सोळा संस्कार

नवा बिडाचा तवा आणला की त्यावर लगेच डोसा घालत नाहीत. आधी धुवा, तेल चोळा, तापवा, कांदा फिरवा, परत तेल... जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं पीठ माणसांच्या ताटात येत नाही. आमच्या बाबांनी चेतक घेतली तेव्हा पहिले काही शे किलोमीटर काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नव्हता म्हणे. आईलाही मागे बसवायचं नाही, गाडी ‘रनिंग’मध्ये आहे! नवीन वस्तू रुळवून घ्यायची ही आपली जुनी खोड आहे, आणि बऱ्याचदा ती बरोबरही असते.

रायफलच्या नव्या नळीचंही असंच असतं. निदान तसं मानतात.

हा विषय माझ्या डोक्यात घुसला तो मावसभावामुळे. दादा मूळचा हिंगणघाटचा, आता टेक्सासचा कायमचा रहिवासी. आपण शनिवारी मॉलमध्ये जातो, तो रेंजवर जातो. लांब पल्ल्याची नेमबाजी. त्याने जुन्या रायफलला नवी नळी बसवून घेतली. दुकानात टांगलेली नाही, मापाने बनवून घेतलेली, आतून हाताने घासून गुळगुळीत केलेली. नळी आणि बसवणावळ मिळून हजार डॉलरच्या आसपास गेले. आणि तिच्याबरोबर आला एक कागद. एक गोळी झाडा, नळी पूर्ण साफ करा. असं पाच वेळा. मग तीन गोळ्या झाडा, साफ करा. असं पुन्हा पाच वेळा. म्हणजे २० गोळ्या आणि १० वेळा सफाई.

“अबे, सकाळपासून गोळ्या कमी झाडून राहिलो अन् नळीच जास्त पुसून राहिलो. तू इंजिनीअर हायेस ना? सांग बरं, याच्यात काही दम हाय की नुसता सत्यनारायण?”

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण ‘इंजिनीअर हायेस ना’ म्हटलं की मिक्सरपासून रायफलपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात येतं. असो. दोन वीकेंड वाचण्यात घातले आणि आता माझं मत पक्कं आहे. या विधीत थोडा दम आहे, त्यातल्या आकड्यांत अजिबात नाही, आणि न रुळवल्यामुळे जेवढ्या नळ्या वाया जातात त्याहून कितीतरी जास्त नळ्या पुसून पुसून वाया जातात.

आधी दम कुठे आहे ते बघू. चांगली नळी बनवताना शेवटी तिला आतून शिशाच्या ठोकळ्याने घासतात. ठोकळा नळीतच ओतून घडवलेला असतो, त्याला घासायची पेस्ट लावायची आणि मागेपुढे ओढायचं. त्यामुळे आत जे काही सूक्ष्म ओरखडे उरतात ते गोळीच्या वाटेला समांतर असतात. इथवर ठीक. पण मग बंदुकीचा कारागीर त्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कोरतो, आणि ते कोरायचं हत्यार गोल फिरतं. म्हणजे काडतुसाच्या पुढे जिथून आटे सुरू होतात, त्या नळीच्या घशापाशी ओरखडे आडवे पडतात. रस्त्यावरचे स्पीडब्रेकरच म्हणा ना.

गोळीला वरून तांब्याचं पातळ कवच असतं. हे आडवे ओरखडे ते कवच किसतात. मागून येणारा वायू इतका तापलेला असतो की तो कीस तसाच वाफाळून पुढे जातो आणि नळीभर बसतो. पुढची गोळी त्याच्यावरून जाते, अजून तांबं चिकटतं. विस्कॉन्सिनच्या क्रीगर या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं साधारण हेच आहे. नळी आम्ही घासून दिलेली आहे, रुळायचा आहे तो घसा. आणि तो गोळ्यांनीच गुळगुळीत होत असताना मध्ये तांब्याचा थर साचू नये म्हणून पुसायचं. मला हे पटतं. यात कुठेही ‘श्रद्धा ठेवा’ असं येत नाही.

पण मग हेही बघा. टेक्सासमध्येच शायलेन नावाची कंपनी आहे, तीही नामांकित. ते रुळवायची पद्धत देतात, पण ग्राहकांना ती हवीच असते म्हणून देतो असं मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या मते ही फार मोठी बाब नाही. आणि ॲरिझोनाचे गेल मॅकमिलन, ज्यांचं नाव या धंद्यात आदराने घेतलं जातं, ते तर सरळ म्हणायचे की हे खूळ नळ्या जास्त खपाव्यात म्हणून काढलेलं आहे, कारण झाडलेली प्रत्येक गोळी नळीचं आयुष्य खाते.

हा आयुष्याचा हिशेब मला सगळ्यात गमतीचा वाटला. दादाचं काडतूस ६.५ क्रीडमूर, २००७ साली बाजारात आलेलं. गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. आटे ८ इंचांत एक वेढा घेतात, म्हणजे बाहेर पडताना गोळी मिनिटाला सुमारे २ लाख ४० हजार फेऱ्यांच्या गतीने फिरत असते (कॅल्क्युलेटर काढा, मी दोनदा तपासलंय). सव्वादोन फुटी नळीतून जायला तिला सव्वा-दीड मिलिसेकंद लागतो. अशी नळी स्पर्धेच्या कामाची राहते २००० ते ३००० गोळ्या. गुणाकार करा. हजार डॉलरची वस्तू आपल्या संपूर्ण आयुष्यात तीन-चार सेकंद काम करते! त्यातला साधारण शंभरावा हिस्सा दादाने त्या दिवशी विधीत घालवला.

चेतकशी तुलना इथेच तुटते. इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम जाळीदार ओरखडे ठेवतात आणि पिस्टनच्या रिंगा मिनिटाला हजारो वेळा त्यावरून जाऊन आपली जागा करून घेतात. नळीत एक गोळी एकदाच जाते आणि परत येत नाही.

मग खरं कोण, क्रीगर की मॅकमिलन? आपल्या ऑफिसात बटणाचा रंग बदलला तरी अर्ध्या लोकांना जुना आणि अर्ध्यांना नवा दाखवून मोजतात. इथे तेच जमत नाही. एकच नळी रुळवून आणि न रुळवता अशी दोनदा वापरून बघता येत नाही. दोन नळ्या घ्याव्यात तर एकाच कारखान्यातल्या दोन नळ्यांतही फरक असतो. बरं, मोजणार कशाने? त्याच रायफलीने, त्याच दिवशी, त्याच काडतुसांनी तीन-तीन गोळ्यांचे गट पाडले तर एक गट दुसऱ्याच्या दुप्पट मोठा येणं ही रोजची गोष्ट आहे. त्या गोंधळात रुळवण्याचा बारीकसा फायदा दिसायचा तर ढीगभर नळ्या आणि हजारो काडतुसं लागतील. कोण देणार? त्यामुळे ज्याने विधी केला त्याची नळी चांगली निघाली तर श्रेय विधीला, खराब निघाली तर ‘चौथ्या सफाईला नीट पुसलं नसशील’. आपल्याकडे साडेसातीचंही असंच चालतं.

म्हणून मी दादाला म्हटलं, गोळ्या मोजू नकोस, चिंदी बघ. तांबं काढायच्या द्रावात अमोनिया असतो, तांब्याशी गाठ पडली की तो निळा होतो. पहिल्या गोळीनंतर चिंदी गडद निळी, तिसरीनंतर फिकट, पाचवीनंतर जेमतेम... म्हणजे घसा गुळगुळीत होतोय. थांब. पहिल्यापासूनच फिकट असेल तर आणखी लवकर थांब. नळीने उत्तर दिल्यावरही कागदावर लिहिलंय म्हणून प्रश्न विचारत राहायचं, हे आपण ऑफिसात पुष्कळ करतो, घरी नको.

यात एक मेख आहे. गजाच्या टोकाला पितळी तुकडा असेल किंवा ब्रश कांशाचा असेल तर त्यातल्या तांब्यानेही चिंदी निळी होते. नळी स्वच्छ, तरी चिंदी निळी, म्हणून माणूस पुसतच बसतो! दादाचं नेमकं हेच चाललं होतं. टोक प्लास्टिकचं लावलं आणि ‘तांबं’ पुष्कळसं गायब झालं.

आता हे पुसण्याचं वेड आलं कुठून? शाळेत एनसीसीत होतो तेव्हा .२२ रायफल साफ करायला शिकलो. दोरीचा पुल-थ्रू (उस्ताद त्याला फुलथ्रू म्हणायचे), सफाईची चिंदी ४ बाय २ इंच, तेलाची ४ बाय दीड. झाडलेल्या गोळ्यांपेक्षा ओढलेल्या चिंद्या जास्त. ही शिस्त आली थ्री-नॉट-थ्रीच्या काळातून, आणि त्या काळी ती अगदी योग्य होती. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दोन दिवसांत नळी गंजवतं. तेलात ते विरघळतच नाही, म्हणून शिपाई फनेल लावून नळीत उकळतं पाणी ओतायचे आणि मग पुसून तेल. आजच्या चांगल्या काडतुसांत ते मीठ नाही. मीठ गेलं, पुसणं राहिलं. वीस वर्षं जुन्या कोडमधली ती ओळ आठवा, का आहे कुणाला ठाऊक नाही, पण काढायची कुणाची छाती होत नाही.

आणि हे पुसणं फुकट नसतं. ब्रिटिशांच्या वेळीच लक्षात आलं होतं की पुल-थ्रूची धूळ बसलेली दोरी रोज तिरकी ओढली की नळीच्या तोंडाला खाच पडते. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण या तोंडाच्या कडेवर असतो. तिथे एका बाजूने जरा जरी जास्त झिजलं तर मागचा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढुशी देतो. मग बाकी सगळी नळी आरशासारखी असून काय उपयोग?

जाता जाता आमच्या जिल्ह्याबद्दल. वर्ध्याचा माणूस बंदुकीवर लिहितोय म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांना हसू येतं. सेवाग्राम ना तुमचं? हो, आमचंच. पण बापूकुटी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पुलगावचा लष्करी दारूगोळ्याचा अवाढव्य डेपो आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूगोळा, हा विनोद आम्ही लहानपणापासून करतो. मात्र पुलगावात करत नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, त्यात अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेली माणसं गेली.

परत नळीकडे. हे सगळं दादासाठी हौस आहे. नळी बिघडली तर तो चिडेल आणि दुसरी मागवेल. पण आपल्याकडची जी पोरं-पोरी .२२ घेऊन ५० मीटरवर नेम धरतात, त्यांचं तसं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, त्यानंतर अशा घरांची संख्या वाढली असणार जिथे आईबाप कर्ज काढून रायफलचा विचार करतात. त्या खेळात दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर आणि गोळीचा सुमारे ५.६. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही बंदुकीतच धरलेले आहेत, त्यामुळे बदली नळी कुरियरने येत नाही. परवाना, आयात, कागद, फेऱ्या. नळीचं तोंड खराब झालं की पोरीचा अख्खा हंगाम गेला.

आणि या पोरांना अमेरिकेतल्या त्या कागदाची गरजच नाही! .२२ ची मॅचची गोळी उघड्या शिशाची असते, वर मेणासारखं वंगण. तांबंच नाही, तर तांबं काढायचं कुठून? उलट त्या वंगणाचा पातळ थर नळीत बसला की ती नीट मारायला लागते. घासून लख्ख केली की पहिल्या कित्येक गोळ्या इकडेतिकडे जातात, मग ताळ्यावर येते. अशी नळी हजारो गोळ्या टिकते. तरीही रोज संध्याकाळी ब्रश आणि कडक द्राव घेऊन बसणारे पालक मी स्वतः पाहिलेत. पोरीचं पदक हुकलं तर निदान सफाईत कसूर नव्हती, असं काहीसं त्यामागे असावं.

तेव्हा, घरात अशी रायफल असेल तर नवी असताना कारखान्याचं तेल पुसून काढा आणि सरळ सरावाला लागा. पुसायची तेव्हा गज एकसंध घ्या, तुकडे जोडलेला नको. तो मागच्या बाजूने घाला, नळीत सरळ जावा म्हणून मागे गाइड बसवा, आणि प्रत्येक वेळी आधी गजच पुसून घ्या. नळीच्या तोंडाची शंका असेल तर रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढून ठेवा, आणि कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर अलगद ओढा. एकेका बाजूने, गोल फिरत. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे कड दुखावलेली आहे. मग मात्र घरी काही करायला जाऊ नका, परवाना असलेल्या कारागिराकडे न्या.