सीतेची वेणी रानातच असावी

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा एखादा विद्यार्थी मोठ्या प्रेमाने रानातून सीतेच्या वेणीचे रोप घेऊन येतो. गुलाबी ठिपक्यांचा तो लोंबता तुरा पाहून कोणास आनंद होणार नाही? पालकही कौतुकाने ते दारच्या आंब्यास बांधून देतात. या कौतुकास आमचा विरोध आहे, व त्याचे कारण सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

सीतेची वेणी ही आमरीच्या कुळातील. या कुळात पराग सुटे नसून त्यांचे पुंज असतात; ते वाऱ्याने उडत नाहीत, तर बहुधा कीटकाच्या अंगास चिकटूनच दुसऱ्या फुलास पोचतात. त्यातही कित्येक जातींच्या फुलांत मध मुळीच नसतो. रंगास भुललेली माशी एकदोनदा फसते आणि मग त्या वाटेस जात नाही. त्यामुळे फुले पुष्कळ, पण बोंडे थोडी. एका बोंडात बीजे मात्र विपुल असतात. डार्विनने एका विलायती जातीच्या बोंडात ती अजमासे ६,२०० असल्याचे काढले होते. परंतु त्या धुळीसारख्या बीजांत अन्नाचा साठा नसतो. रानात योग्य त्या बुरशीची साथ लाभली तरच ती रुजतात.

इंग्लंडात सपातेच्या आकाराचे पिवळे फूल येणारी एक आमरी आहे. हौशी लोकांनी ती इतकी उपटली की १९१७ साली ती तेथून नष्ट झाली असे मानले गेले. पुढे १९३० साली यॉर्कशरमध्ये एकच रोप आढळले. जागा गुप्त ठेवून त्यावर पहारा बसविण्यात आला. रोप जगले, फुललेही. पण शेजारी दुसरे रोपच नाही, तर माशीने पराग आणावेत कोठून? अखेरीस माणसांनी स्वहस्ते परागसिंचन केले, क्यू येथील उद्यानात बीजे रुजविली व १९८९ पासून रोपे पुन्हा रानात लाविली. त्यांतील पहिले फूल उमलले २००० साली! या कामी बागांत राखलेली रोपे उपयोगी पडली, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि जे काम माशी विनावेतन करीत होती, त्यास विद्वानांची कित्येक वर्षे खर्ची पडली, हेही तितकेच खरे.

वादळाने मोडलेल्या फांदीवर आमरी दिसली, तर ती तेथल्याच जवळच्या झाडास सुतळीने बांधून यावी. आणि ज्यांच्या दारी वेणी आधीच फुलते आहे, त्यांनी यंदा तुरा ओसरल्यावर तिला बोंडे किती धरली, ती एकवार मोजून पाहावीत.