मोबाइलचा पडदा आणि पाचवे शील

रात्री साडेअकराला कोणत्याही वस्तीतून चक्कर मारा. दिवे मालवलेले असतात, पण खिडक्यांमधून निळसर उजेड हलताना दिसतो. एका कुशीवर बाप रिल्स पाहत असतो, दुसऱ्या कुशीवर आई मालिकेचा राहिलेला भाग पाहत असते आणि मध्ये झोपलेले लेकरू अर्धवट डोळे उघडून त्याच पडद्याकडे बघत असते. एका खोलीच्या घरात एक फोन चालू राहिला की सगळ्या घराची झोप मोडते.

फोन फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या दुःखाला इतरांच्या पत्रांत जागा नव्हती, म्हणून बाबासाहेबांना 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढावे लागले. आज वस्तीतली पोरे अन्यायाची चित्रफीत स्वतः काढून जगापुढे ठेवतात. भीमगीते गाणाऱ्या ताईला कॅसेट कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही. हे साधन आपले आहे आणि ते आपल्याकडेच राहिले पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की आपण फोन वापरतो, की फोन आपल्याला वापरतो?

2016 नंतर डेटा स्वस्त झाला. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तरी छोट्या व्हिडिओंची सवय गेली नाही. ती रिल्स आणि शॉर्ट्सकडे वळली. पूर्वी सिनेमा संपायचा आणि माणूस उठायचा. आता एक व्हिडिओ संपण्याआधीच दुसरा तयार असतो. आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिले, याची नोंद ठेवून पुढचा व्हिडिओ निवडला जातो. यापुढे तर व्हिडिओ यंत्रच बनवणार आहे. माणूस खरा, आवाज खरा वाटेल. बोलणे मात्र खोटे असेल.

आरोग्याच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत मोठी भीती याच गोष्टीची वाटते. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी महत्त्वाची. डॉक्टरांनी सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया नियमित घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. अशा घरात ‘सात दिवसांत सिकलसेल मुळापासून बरा’ असा व्हिडिओ पोहोचला आणि गोळी बंद झाली, तर त्याची किंमत रुग्णाला सोसावी लागते. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. पांढरा कोट घातलेला प्रत्येक चेहरा डॉक्टरचा नसतो.

लेकरांचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. आपण मात्र घास भरवण्यासाठीच फोन पुढे धरतो. किशोरवयातल्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्रीच्या उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन कमी होते. सतत जवळचे पाहणे आणि उन्हात न खेळणे यांमुळे लवकर चष्मा लागण्याचा धोका वाढतो.

पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो आणि त्याचा अर्थ दारूपुरताच ठेवतो. पण त्या शीलाचा रोख प्रमादावर आहे, भान हरपण्यावर आहे. ज्या वस्तूने भान हरपते, ती बाटलीतच असते असे नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. उरलेल्या वर्षात आपले अठरा तास कुठे जातात, हेही एकदा मोजू या.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. आमच्या मते नुसत्या मनाईने भागणार नाही. ज्या वस्तीत मैदान नाही, वाचनालय नाही, तिथे मुलाच्या हातातून फोन काढून घेणे म्हणजे त्याला भिंतीकडे बघत बसवणे. म्हणून विहार फक्त वंदनेपुरते उघडू नका. संध्याकाळी तिथे अभ्यासिका चालवा, अंगणात खेळ घ्या. चांगला माहितीपट असेल तर सगळ्यांनी मिळून पाहा आणि नंतर त्यावर बोला. मैदानासाठी नगरसेवकाकडे, ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. ती मागणीही आरोग्याचीच आहे.

घरात आजपासून एवढे करता येईल. रात्री दहाला सगळे फोन एका टोपलीत, अंथरुणापासून लांब; आणि पहिला फोन आईबापाचा. जेवताना पडदा बंद. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, ती बंद करा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहा. औषधाचा कोणताही व्हिडिओ आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवल्याशिवाय मानू नका आणि पुढे पाठवू नका.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण आहे. पुढच्या काळातल्या मोबाइलसाठी यापेक्षा चांगला नियम आम्हाला तरी माहीत नाही.

जयभीम!