पन्नास माणसं, शंभर डोळे

‘दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी’ ही म्हण ज्यानं रचली त्याला नेत्रसंशोधकांनी मरणोत्तर डॉक्टरेट द्यायला हवी. त्यांचं निम्मं संख्याशास्त्र तिच्यावर तर उभं आहे! पन्नास रुग्ण तपासायचे, शंभर डोळे मोजायचे आणि संगणकाला बजावायचं, की या शंभरांची आपसात ओळखदेख नाही.

मी संख्याशास्त्रवाला. असले प्रबंध माझ्याकडे येतात ते जमा करायच्या तोंडावर. एक्सेलची फाइल आणि खाली निरोप : “सर, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या.” काढून! दाढ आहे का ती?

आता हेच डॉक्टर सकाळी ओपीडीत काय सांगतात बघा. “आजोबा, एका डोळ्यात काचबिंदू आहे, दुसऱ्यालाही धोका आहे. तपासत राहायचं.” शंभर टक्के खरं. जनुकं तीच, साखर तीच, रक्तदाब तोच. वयसुद्धा, माझ्या अल्पमतीप्रमाणे, दोन्ही डोळ्यांचं एकच. दुपारी प्रबंध उघडला रे उघडला, की आजोबांचा डावा आणि उजवा हे दोन परस्परनिरपेक्ष, सार्वभौम नागरिक! आणि आजोबा? ते तक्त्यातून गायब.

यात मिळतं काय? भरपूर मिळतं. दोन्ही डोळे हुबेहूब सारखे असतील, तर शंभरांत माहिती पन्नासांचीच असते. पण शंभर म्हणून मोजले, की 0.13 ची पी-व्हॅल्यू 0.03 वर येते आणि निष्कर्ष ‘सिग्निफिकंट’ ठरतो. नवा एक रुग्ण तपासावा लागत नाही. शस्त्रक्रियेविना सुधारणा ती हीच.

हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणावं, तर संख्याशास्त्रज्ञ फ्रेड एडररनं 1973 साली नेत्रवैद्यकाच्याच नियतकालिकात रोखठोक विचारलं होतं : डोळे मोजायचे की माणसं? 1982 मध्ये रोझनरनं दोन डोळ्यांतला सहसंबंध हिशेबात धरायची रीत दिली. आज ती फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. शिवाय ही जोडी म्हणजे वरदान! अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी स्टडीनं 1970 च्या दशकात एका डोळ्याला लेझर किंवा झेनॉन-प्रकाशाचा उपचार दिला, दुसरा तसाच ठेवला आणि माणसाची तुलना त्याच्याशीच केली. डोळे सख्खे आहेत हे मान्य केलं, की असा फायदा होतो.

दृष्टीच्या सरासरीबद्दल न बोललेलंच बरं. 6/6 आणि 6/60 यांची सरासरी किती? छेदांची काढली तर 6/33, दशांशांची काढली तर 6/11, लॉगमारनं, म्हणजे दृष्टीच्या लॉगरिदमी मोजपट्टीनं, काढली तर 6/19. घ्या हवी ती! आणि ज्यांना फक्त बोटं मोजता येतात, त्यांचा छेद कुठून आणणार?

प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं, असं आमच्या शास्त्राचा पितामह फिशर 1938 साली आपल्याच कलकत्त्यात सांगून गेला. त्याचं नशीब थोर. मला शवविच्छेदनाआधीच विनंती येते : “सर, मृत्यूचं कारण तेवढं सिग्निफिकंट येऊ द्या.”