निळ्या व्हँडावर हक्क कोणाचा?

१८५० साली जोसेफ डाल्टन हूकर खासी टेकड्यांत होता. तेथील ओकच्या झाडांवर फुललेले निळे ऑर्किड, म्हणजे व्हँडा सेरुलिया, त्याने क्यूच्या राजउद्यानासाठी काढले. थोडेथोडके नव्हे, सात माणसांच्या ओझ्याइतके. त्यांतले फारच थोडे इंग्लंडला जिवंत पोचले. एका गृहस्थाने मात्र जागा पाहून घेण्यासाठी आपला माळी हूकरबरोबर धाडला होता. त्याने पाठवलेले एकच ओझे, वाईट अवस्थेत पोचूनही, ३०० पौंडांना विकले गेले. ही हकीकत खुद्द हूकरनेच ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये लिहून ठेवली आहे.

याच व्हँडाचा फिलिपीन्समधील सांडेरियानाशी संकर होऊन ‘रॉथशिल्डियाना’ निपजले. त्याची नोंदणी १९३१ सालची. आज फुलबाजारात दिसणाऱ्या कितीतरी निळ्या-जांभळ्या व्हँडांच्या वंशावळीत खासी टेकड्या आहेत.

त्याच सुमारास, १९३० साली, अमेरिकेने वनस्पतींसाठी पेटंटचा कायदा केला. पहिले पेटंट ‘न्यू डॉन’ या गुलाबाला मिळाले. ऑर्किडच्या बाबतीत या हक्काला खरे मोल आले ते १९६० नंतर. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकातील ऊतींपासून सिंबिडियमची रोपे वाढवून दाखवली आणि जे झाड गड्डे फोडून वर्षानुवर्षे संथपणे वाढवावे लागे, त्याच्या हुबेहूब हजारो प्रती काढणे शक्य झाले. नक्कल इतकी सोपी, तर संकरकाराला संरक्षण हवेच, असे सांगितले जाते. परागीकरणापासून पहिल्या फुलापर्यंत अनेक वर्षे जातात. तेव्हा हे म्हणणे खोटे नाही.

पण ते अर्धेच आहे. संकरकाराच्या कष्टांचा हिशेब काचघराच्या दारापासून सुरू होतो. दाराबाहेरचे सारे ‘निसर्ग’, म्हणजे फुकट! १९९३ साली अमलात आलेल्या जैवविविधता कराराने देशांचा आपल्या जैवसंपत्तीवरील सार्वभौम हक्क मान्य केला खरा, पण त्यापूर्वीच परदेशी बागांत पोचलेली झाडे सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. लूट जितकी जुनी तितकी ती निर्धोक, असा हा न्याय. इकडे भारताच्या वन्यजीव कायद्याने निळा व्हँडा रानातून परवान्याशिवाय तोडण्यास मनाई केली आहे. मनाई योग्यच, परंतु ती टेकडीवरच्या माणसाला, पेटंट समुद्रापलीकडच्या रोपवाटिकेला.

भारताचा २००१चा वाण-संरक्षण कायदा अर्जदाराकडून मूळ आनुवंशिक सामग्रीची माहिती मागतो आणि लाभाच्या वाटणीची तरतूद करतो. मात्र तो चालतो भारतातच. मे २०२४मध्ये जिनीव्हात झालेला करार पेटंट अर्जात आनुवंशिक संसाधनाचा मूळ देश जाहीर करण्यास सांगतो. मूळ देश सांगा, एवढेच त्याचे मागणे. त्या देशाला काही द्या, असे तो म्हणत नाही.