सूर्याचे शिपाई



मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा निरोप आला, "ताई, पोरगं हाताबाहेर गेलं. रविवारभर मित्रांना घेऊन फासे टाकत बसतं आणि सूर्यदेवाचं व्रत घेतलंय म्हणतं." आमच्या घरात धम्मदीक्षेनंतर सूर्याला कोणी अर्घ्य दिलेले नाही. मी तडक गेले.

जाऊन पाहते तर पैशाचा जुगार नव्हता. कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र फासे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात, आणि बेत साधला की फसला हे फासा ठरवतो. खेळाचे नाव रूनक्वेस्ट, अमेरिकेत १९७८ साली निघालेला. गोष्ट घडते ग्लोरांथा नावाच्या काल्पनिक जगात. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून ते जग लिहायला घेतले. २०१८ मध्ये ते वारले.

तिथल्या कथेत येल्म हा सूर्यसम्राट. वादळदेव ओर्लांथ त्याला ठार करतो आणि जगभर अंधार पसरतो. त्या अंधारात येल्मचा मुलगा येल्मालिओ तग धरून राहतो, पण लढाईत त्याची आग हिरावून घेतली जाते. म्हणून त्याच्याजवळ उजेड आहे, ऊब नाही. त्याच्या देवळावर सोनेरी घुमट असतो आणि त्याचे उपासक शिपाई असतात. एकेकट्याने शौर्य गाजवायचे नाही. लांब भाले पुढे धरून खांद्याला खांदा लावून भिंतीसारखे उभे राहायचे. एकाने पाय मागे घेतला की शेजाऱ्याचा जीव धोक्यात. पगार देईल त्याच्या बाजूने ते भाड्यानेही लढतात.

व्रताचा प्रकार मात्र मला खटकला. देवाकडून एक देणगी घ्यायची आणि बदल्यात एक बंधन पाळायचे. कोणी पक्ष्याचे मांस वर्ज्य करतो, कोणी ब्रह्मचर्य पाळतो. बंधन मोडले की देणगी गेली. मी भाच्याला म्हटले, "अरे, हा तर सौदा झाला. १९५६ साली नागपूरला आपल्या लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या बदल्यात कोणाकडे काय मागितलं?" तो हसला. "मावशी, मी नाही, माझा शिपाई पाळतो." बहिणीचा जीव भांड्यात पडला. (आपल्या पाली सूत्रात तर राहूने गाठलेला सूर्यच तथागतांना शरण जातो. पण ते असो.)

मग मी माझा खरा प्रश्न विचारला, "तुझा शिपाई कोणाचा मुलगा?"

"नदीकाठच्या शेतकऱ्याचा."

"त्याला त्या मोठ्या येल्मच्या देवळात घेतील?"

"नाही. तिथे वरच्या कुळातला जन्म लागतो."

घ्या! देव काल्पनिक, देश काल्पनिक, आणि देवळाच्या दारात कुळाची चौकशी खरीखुरी. आपल्या वाडवडिलांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेची भरती बंद झाली, ती जन्म पाहूनच. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. त्यामुळे भाला कोणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न आपल्याला खेळातलाही वाटत नाही.

पण भाच्याने खेळाचा एक नियम दाखवला आणि मी बसून राहिले. १९७४ साली निघालेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राला सुरुवातीलाच एक वर्ग चिकटतो: योद्धा, नाहीतर जादूगार. रूनक्वेस्टमध्ये तसा वर्गच नाही. ज्याला जे शिकायचे ते त्याने सरावाने शिकावे. भाला चालवण्याचे कसब शंभरात चाळीस असेल आणि मोहिमेत तो नीट चालला, तर शेवटी शंभराचा फासा टाकायचा. चाळीसच्या वर आकडा पडला तर कसब वाढते. म्हणजे ज्याला कमी येते त्याला वाढायला वाव जास्त, आणि तरबेज झालेल्याला पुढचा टप्पा अवघड. देऊळ कूळ विचारते, फासा विचारत नाही.

मी विचारले, "मग तुझ्या शिपायाचं किती झालं?"

"अडतीस. आज टाकायचाय."

बहीण चहा घेऊन आली होती, तीही थांबली. फासा घरंगळत पाटाच्या कडेपर्यंत गेला. एकसष्ट पडले. भाच्याने अडतीस खोडून नवा आकडा लिहिला आणि बहीण म्हणाली, "बघू रे, कसं खेळतात ते."