वाघानं किती उड्या मारायच्या?

‘आपल्या जुन्या खेळांना नियमांची पुस्तकं लागत नव्हती, सगळं समजुतीवर चालायचं,’ असं कौतुकानं सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: समजूत कोणाची?

तानशाला मी पोरांबरोबर वाघबकरी खेळतो. पट आखायला दोन मिनिटं, भांडायला अर्धा तास. वाघानं बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या जागी जायचं, इथवर एकमत. पण एका खेळीत एकच उडी की लागोपाठ दोन? सगळ्या बकऱ्या पटावर येण्याआधी एखादी सरकवता येते का? नेपाळच्या बाघचालमध्ये याची ठरलेली उत्तरं आहेत. 4 वाघ, 20 बकऱ्या. विसावी बसेपर्यंत एकही हलवायची नाही. एका खेळीत एकच बकरी मारायची. आमच्याकडे उत्तर ऐनवेळी ठरतं आणि ते ठरवतो सगळ्यांत थोराड पोरगा. वाघ त्याचे असले की दोन उड्या चालतात, बकऱ्या त्याच्या असल्या की एकच. धाकटी पोर पटावर हरतच नाही, तिला आवाजानं हरवलं जातं.

‘नियम वाढले की खेळाचा जीव जातो, जाणता पंच असला की पुरे,’ हा युक्तिवादही जुनाच. प्रशियात राइसविट्झनं 1824मध्ये युद्धखेळाचे तपशीलवार नियम छापले. 1876मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा म्हणाला, नियम बाजूला ठेवा, पंचाच्या अनुभवावर सोपवा. पण तो पंच दोन्ही बाजूंचा नसलेला, अनुभवी अधिकारी होता. 1974च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये निवाडा करणाराच राक्षसही खेळवतो. म्हणून तर पाळी कोणाची आणि वार लागला की नाही, हे कसं ठरवायचं ते पुस्तकात लिहावं लागलं. आमचा थोराड पोरगा पंचही आहे आणि वाघही. पुस्तक मात्र नाही.

काहींना ‘मूळ’ नियम हवा असतो. त्यांनी मुरबाडहून नाणेघाट चढून जावं. तिथल्या कातळात खेळांचे पट कोरलेले आहेत, नियम कोरलेले नाहीत.

एक उडी की दोन, मला दोन्ही चालतं. पहिली बकरी बसायच्या आत ते मोठ्यानं सांगा आणि पटाच्या कडेला लिहा. ज्याला हे नको असतं, त्याला सहसा वाघच हवे असतात.